मामांचा अंगठा

त्या ग्रुपची अ‍ॅडमिन मी होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाईने सगळ्यांची नावं घेतली आणि स्वतःचं तेवढं गाळलं. तशी मी नाव कुणाचंच घेणार नाहीये. माझं माहेर शहापूर, सासर मुरबाड. शहापूरवाल्यांकडे रेल्वे आहे, आमच्याकडे नाही. त्यामुळे माझे भाऊ आम्हाला अजून आडगावचे समजतात आणि मी दर दिवाळीला त्यावरून भांडते. माझ्या नाकावर राग असतो. तो या गोष्टीत पुढे येणार आहे, म्हणून तोही सांगून ठेवते.

मुरबाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी कारकून. लग्नानंतर दोनेक वर्षांत लागले, ते आजतागायत. माणसं तीस-पस्तीस. कुणी धसईहून यायचे, कुणी टोकावड्याहून, काही मुरबाडातलेच. औषधांच्या बाटल्यांपासून नटबोल्टांपर्यंत काय वाटेल ते आमच्या खोक्यांत जातं. टीव्हीत दाखवावं असं त्यात काही नाही. पण चालला मात्र चांगला, आणि तो कसा चालायचा ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तो हजेरीवर चालायचा. सकाळी आठला आमचे जुने शेठ फाटकाजवळच्या उंबराखाली हजेरीपट घेऊन उभे राहायचे. बसायचे नाहीत, आम्हालाही बसू द्यायचे नाहीत. एकेकाचं नाव पुकारायचे आणि ज्याचं नाव तो म्हणायचा, "ओ!" शाळेतल्यासारखं 'हजर' नाही, 'येस सर' तर नाहीच. घरात आईने हाक मारल्यावर देतात तशी ओ. आणि ओ दिली की ज्याला जे सांगायचं ते तिथेच सांगायचं. "ओ, पण दुपारी सोडा शेठ, म्हातारीला दवाखान्यात न्यायचीय." "ओ, दोन नंबरचा पट्टा कालपासून कुरकुरतोय." "ओ, आमची लावणी हाय, चार दिवस मला धरू नका." शेठ कधी हो म्हणायचे, कधी खेकसायचे. दहा मिनिटांत सगळ्या कारखान्याला सगळं ठाऊक व्हायचं. ओ म्हणजे नुसतं 'मी आहे, मला ऐकू आलं.' होकार की नकार, ते त्याच्या पुढचं बोलणं.

मामांची ओ सगळ्यांत मोठी. पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायची आणि तो चहा टाकायचा.

मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने कामगार. वैशाखऱ्याच्या पुढे घाटाखाली त्यांचं गाव. भातशेती थोडीशी, ती भाऊ करायचा, आणि हे पहिल्या एसटीने मुरबाडला. कटिंगच्या मशीनवर होते. पावसाळ्यात पुठ्ठा दमट झाला की खोकी फुगतात, मग गिऱ्हाईक माल परत पाठवतं. मामा पुठ्ठ्यावर नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, "हा नको गो बाय, हा पाणी प्यालाय." पुढे आम्ही ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ते यंत्र मामांचंच म्हणणं खरं करायचं, फक्त उशिरा. त्यांची बायको बरीच वर्षं आधी गेली, एक लेक, ती लग्न होऊन सासरी. घरी भावाचं कुटुंब होतं, पण जेवणापुरता संबंध. बोलायला माणूस म्हणून त्यांना होतो ते आम्हीच. रविवार त्यांना आवडायचा नाही. "सुट्टी कशाला पायजेल?" म्हणायचे.

मामांना वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण हजेरीपटावर त्यांचा अंगठा घ्यायला शाईचा डबा माझ्याच टेबलावर असायचा. शेठना माहीत होतं. जुन्या दोघातिघांना माहीत होतं, पण ते एकेक करून घरी बसले. नवीन पोरांना कुणी सांगितलं नाही आणि मामांनी कळू दिलं नाही. कागद हातात आला की ते चष्मा शोधायचे. चष्मा कधी सापडायचा नाही. "बाय, जरा बघ गो, माझा चष्मा घरी राहिला," असं म्हणत कागद माझ्यापुढे सरकवायचे. मामांकडे चष्मा नव्हताच! मी एकदा चारचौघांत चिडवलंसुद्धा, "मामा, तुमचा चष्मा वैशाखऱ्याच्या पुढे कधी आलाच नाही." ते हसले, पण नंतर दोन दिवस चहाला आले नाहीत. तेव्हापासून त्या विषयावर माझी जीभ मी आवरली.

मग शेठचे गुडघे गेले. ते कल्याणला घरी राहू लागले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. आम्ही त्याला धाकटे साहेब म्हणायचो. पोरगा वाईट नव्हता, उगाच का बोला. मेहनती, कुणाला वावगं बोलणार नाही. पण उंबराखाली उभं राहणं त्याला वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. म्हणाला, "मॅडम, आपण सगळे एका ग्रुपवर येऊ. ज्याला जे सांगायचं ते तिथं सांगेल. कुणाला दहा मिनिटं ताटकळायला नको." आणि मला अ‍ॅडमिन केलं.

मी काय फुशारले, विचारू नका. पन्नाशीला टेकलेली बाई, पण नवा खेळ मिळाल्यासारखं झालं. एकाचे चार ग्रुप केले. एक मालाचा, एक मशीनच्या दुरुस्तीचा, एक सुट्ट्यांचा आणि एक सगळ्यांसाठी सूचनांचा. आणि खोटं कशाला बोलू, फायदा झाला. माळशेजच्या रस्त्यावर आमचा टेम्पो अडकला तेव्हा ड्रायव्हरने दरडीचा फोटो टाकला आणि तासाभरात दुसरी गाडी दुसऱ्या वाटेने निघाली. पूर्वी आम्ही दिवसभर वाट बघत आणि त्या ड्रायव्हरला शिव्या देत बसलो असतो. मशीन बिघडलं की भिवंडीचा मिस्त्री व्हिडिओ बघून तिथूनच सांगायचा, अमका बोल्ट आवळा. धसईच्या एका मुलीने तर खोक्याची घडी कशी बदलावी याचं चित्र काढून टाकलं. साहेबांनी ते उचललं, आजही तशीच घडी घालतात. हजेरीत ती पोर कधी तोंड उघडत नव्हती. तेव्हा ग्रुप वाईट, असं मी म्हणणार नाही. सकाळी उठून फुलं आणि सुविचार टाकणाऱ्या दोघांना मात्र मी जाम झापलं होतं.

हजेरी बंद झाली. फाटकावर अंगठ्याचं मशीन आलं. बोट टेकवा आणि आत जा. लोक कानात वायरी घालून यायचे, बोट टेकवायचे, आपापल्या मशीनला लागायचे. मामा पहिल्या आठवड्यात आठला उंबराखाली जाऊन उभे राहायचे. एकटेच. मी खिडकीतून बघायचे आणि मला कसंतरी व्हायचं.

एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. भाचीने दिलेला फोन हातात. "बाय," म्हणाले, "यावर ओ कशी द्यायची गो?"

त्यांना काळजी होती ती एवढीच. फोन दिवसभर वाजतोय, म्हणजे कुणीतरी हाक मारतंय, आणि आपण ओ देत नाही म्हणजे उर्मटपणा. मी त्यांना शिकवलं. मेसेजवर बोट दाबून धरायचं, मग छोटी चित्रं येतात, त्यातला हा अंगठा दाबायचा. झाली तुमची ओ. "हे बघा मामा, तुम्हाला अंगठ्याची सवयच आहे," असंही मी म्हटलं. ते अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याला शाई नाय लागत, पुसायला चिंधी पण नाय लागत. बरा हाय."

वाचण्याचं काय करायचं, ते आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. चार वाजता चहाला ते माझ्या टेबलाशी यायचे आणि मी सहज वाटावं अशा आवाजात दिवसभराच्या कामाच्या गोष्टी वाचून दाखवायचे. त्यातलं त्यांना जे बोलायचं असेल ते मी त्यांच्या वतीने लिहायचे. पण अंगठा ते त्याआधीच देऊन मोकळे झालेले असायचे. मेसेज आला की अंगठा. सगळ्यांच्या आधी. त्याचा त्यांना अभिमान होता. "बघ, माझी ओ पहिली," म्हणायचे. पोरं ग्रुपवर लिहायची, 'मामा फास्ट.' मामा त्यालाही अंगठा द्यायचे.

एकदा स्टिचिंगवरच्या एकाचे वडील गेले. त्याने ग्रुपवर टाकलं आणि मिनिटाच्या आत मामांचा अंगठा. तो पोरगा नंतर माझ्याकडे येऊन रडला, "मॅडम, माझा बाप गेला आणि मामांना बरं वाटलं?" मी त्याची कशीबशी समजूत घातली, म्हातारा माणूस, बोट चुकलं. मामांना सांगितलं तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते त्या पोराच्या घरी चालत गेले, टोकावड्यापासून आत तीन मैल, आणि दिवसभर तिथे बसले. मी त्यांना हात जोडल्याचं चित्र शिकवलं. "मयत असली की हे द्यायचं." ते म्हणाले, "पण मयत हाय का बारसं, ते मला कसं कळायचं गो?" मी म्हटलं, "हार घातलेला फोटो असला की समजायचं."

तेव्हाच मला अक्कल यायला हवी होती. नाही आली. मामांच्या अंगठ्याचा अर्थ 'ऐकू आलं' आणि जगाच्या अंगठ्याचा अर्थ 'मान्य', ही तफावत माझ्या डोळ्यासमोर उभी होती. मी हसून सोडून दिली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

धाकट्या साहेबांनी पडघ्याला दुसरी जागा घेतली. हमरस्ता जवळ, गाड्यांना सोयीचं. कटिंगची सगळी मशीनं तिकडे न्यायची असं ठरलं. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मजकूर सांगितला. कटिंगचं काम पुढच्या महिन्यापासून पडघ्याला होईल, कटिंगच्या सगळ्यांनी तिकडे हजर व्हावं, ज्यांना जमणार नाही आणि काम थांबवायचं असेल त्यांनी तसं कळवावं. कळवावं. त्यांचा शब्द एवढाच होता. मी म्हटलं, "सर, कळवायला लागले तर पन्नास मेसेज येतील, कोण काय म्हणतोय ते मला शोधत बसावं लागेल. त्यापेक्षा ज्यांना काम थांबवायचंय त्यांनी फक्त अंगठा द्यावा असं लिहू का? मोजायला सोपं." साहेब म्हणाले, "वा मॅडम, हे बेस्ट."

धचा मा कुणी केला नव्हता. अक्षर न् अक्षर मी टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवलं.

आणि पर्स उचलून निघाले. शहापूरला भावाच्या नातीचं बारसं होतं, म्हणून मी त्या दिवशी लवकर सुटणार होते. चारचा चहा मी घेतला नाही. मामांना काही वाचून दाखवलं नाही. एसटीत बसून फोन उघडला तर मेसेजखाली एक अंगठा आलेला. मामांचा. सगळ्यांच्या आधी.

मी तो बघितला. हे मला लिहिताना जड जातंय, पण मी तो नीट बघितला आणि मला राग आला. मनात आलं, एवढा मोठा निर्णय, आणि या माणसाने मला एका शब्दाने विचारलं नाही? रोज याला वाचून दाखवते, याची लाज झाकते, आणि हा कुणाकडून तरी वाचून घेऊन परस्पर मोकळा? आदल्याच आठवड्यात ते गुडघा चोळत म्हणाले होते, "आता कटाळा आला गो." ते मला आठवलं आणि सगळं जुळलं. ठरवलंच होतं म्हणजे यांनी! त्यांनी नेहमीसारखी नुसती ओ दिली असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. का नाही शिवला? कितीदा विचारलंय मी स्वतःला. रागात माणूस आंधळा होतो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मी चहाला माझ्या टेबलाशी थांबलेच नाही. वही घेऊन गोदामात गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. मामा शोधत आले. "काय झाला गो? बरं नाय का?" मी म्हटलं, "मला कुठे काय झालंय! काम आहे." ते उभे राहिले थोडा वेळ, मग गेले. माझ्या घरी काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं असणार, कारण दोन दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर घरची काकडी आणून ठेवली. मी ती घरी नेऊन खाल्ली आणि तरी बोलले नाही. अशी मी.

तुम्ही म्हणाल, तीन आठवड्यांत एकानेही त्यांच्याजवळ विषय काढला नाही? काढला ना. ग्रुपवर काढला. 'मामा, तुम्ही नाही तर मजा नाही.' मामांचा अंगठा. 'मामा, आता आराम करा, शेती बघा.' अंगठा. साहेबांनी लिहिलं, 'मामांच्या निर्णयाचा आदर आहे.' त्यालाही अंगठा. सगळा कारखाना मामांशी भरभरून बोलला, तोंडाने मात्र कुणीच बोललं नाही. समोर आल्यावर अवघड वाटतं ना! पूर्वी हजेरीत एकाने जरी म्हटलं असतं, "मामा, तुमी थांबणार म्हणे?" तर चहावाल्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं उत्तर आलं असतं.

मशीनं पडघ्याला चालली आहेत एवढं मामांना डोळ्यांनी दिसत होतं, कानावरही येत होतं. आपणही मशीनबरोबर जाणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मशीन आणि ते, यात त्यांना फरक वाटत नव्हता. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना बघितलं, ते त्यांचं पातं आणि लोखंडी पट्टी तेल लावून फडक्यात गुंडाळत होते. मला वाटलं, आठवण म्हणून घरी नेतायत. मी तशीच पुढे गेले. माझा राग तोवर निम्मा उतरला होता. निरोपाच्या दिवशी बोलू, असं मी मनाशी म्हटलं होतं.

निरोप शनिवारी दुपारी तीनला होता. मालाच्या फलाटावर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे मामा. ते फडक्याची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. काम सोडणाऱ्यांत आणखी दोघं होते, पण ते आधीच दुसरीकडे कामाला लागले होते. नव्या जागी जाण्याआधी काही छोटा कार्यक्रम असेल आणि जुना माणूस म्हणून मधे बसवलंय, असंच मामांना वाटत होतं. पोरांकडे बघून हसत होते. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. आणि भाषणात म्हणाले, "मामांनी स्वतःहून थांबायचा निर्णय घेतला. पहिला अंगठा त्यांचाच होता. उद्यापासून मामा मोकळे."

मामांचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

देवा शप्पथ सांगते, त्या एका नजरेत मला सगळं कळलं. कुणीही न सांगता मला दिसलं, की या माणसाने फक्त ओ दिली होती, आणि कुठल्या हाकेला दिली हे त्याला आत्ता, शाल अंगावर पडल्यावर समजलंय. मी पुढे झाले. "सर, एक मिनिट, यात चूक..."

"बस गो," मामा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मग ते उठले. साहेब म्हणाले, "बोला ना मामा, दोन शब्द." मामांनी शाल नीट केली आणि म्हणाले, "अंगठा मीच दिला. दिला तो दिला. तुमी सगळी सुखात राव्हा." एवढंच बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काही पोरं रडली. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि त्याला एका पाठोपाठ एक अंगठे आले.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले. "मामा, चूक माझी आहे. मी आत्ता जाऊन साहेबांना सांगते. ते ऐकतील, ते तसे नाहीत."

"काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

"खरं काय, मामाला वाचता येत नाय, हेच ना? झाकली मूठ इतकी वर्सं झाकून ठेवली, ती आता पोरांपुढं उघडू? त्या पोराच्या बापाच्या मयतीला मी अंगठा का दिला, ते पण मग सगळ्यांना कळंल. माझी शपत हाय तुला, बोलायचं नाय."

आणि मी बोलले नाही. जन्मभर जिथे तिथे तोंड घालणारी मी, जिथे घालायला हवं होतं तिथे शपथेचं निमित्त करून गप्प बसले. सोमवारी साहेब म्हणाले, "मॅडम, मामांना ग्रुपमधून काढा." मी काढलं. 'तुम्ही यांना काढलं' असं फोनवर लिहून येतं. ते मी बराच वेळ बघत बसले होते.

महिनाभर मी रोज ठरवायचे, उद्या जाऊ. शेवटी एका रविवारी घाटाकडे जाणारी एसटी पकडली. मामा अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते. वाळले होते. मला बघून काठी ठेवली आणि, "ये गो बाय," म्हणाले, जसं काही झालंच नाही. भावजयीने चहा आणला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं. इकडचं तिकडचं विचारत राहिले, पावसाळ्याचा पुठ्ठा कोण बघतं, स्टिचिंगवाल्या पोराच्या आईचं कसं आहे. पडघ्याचं त्यांनी काही विचारलं नाही.

मग भावजय आत गेल्यावर म्हणाले, "तो मेसेज हाय का अजून तुझ्या फोनात?"

"आहे."

"वाच."

मी म्हटलं, "कशाला मामा, आता..." ते म्हणाले, "माझा अंगठा हाय त्यावर. काय लिवलाय, ते मला कळाया नको का?"

मी वाचला. माझेच शब्द. चार वाजता वाचायचे तसा सहज आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो निघाला नाही. 'ज्यांना येणे जमणार नाही व काम थांबवायचे आहे त्यांनी' इथे आले आणि अडले. त्यांनी मान हलवली, पुढे वाच. मी संपवला.

मामांनी काठी परत उचलली आणि तिची साल सोलू लागले.

"ज्यांना जमणार नाय त्यांनी," ते म्हणाले. "मला जमत होता गो."

"मामा, इथून पडघा म्हणजे दोन गाड्या बदलून..."

"इथून कशाला? माझी लेक तिकडंच नाय का दिली."

त्यांची मुलगी पडघ्यापासून दोन मैलांवर दिली होती. मला माहीत होतं. तिच्या लग्नाला मी जेवून आले होते, जावयाला आहेर केला होता. टाइप करताना मला ती आठवली नाही, एसटीत रागावताना आठवली नाही.

"मशीन तिकडं चाललीत असं दिसला, तवाच तिला फोन केला," मामा म्हणाले. "म्हटलं, येतो तुझ्याकडं राहायला. आता रोजच भेटू. तिनं पडवी सारवून घेतली माझ्यासाठी. खाट टाकली."

मी विचारलं, "मग तिला काय सांगितलंत?"

"काय सांगू? बापानं वाचल्याबिगर अंगठा दिला, असा लेकीला सांगू?" त्यांनी काठी खाली ठेवली. "सांगितला, मशीन अजून हलली नाय. ती दर रविवारी फोन करते गो. इचारते, बाबा, कवा येतोस?"